सूर्याचा संथ हिशेब

सूर्य कशाने तेवतो, ह्या प्रश्नाने एकोणिसाव्या शतकातील विद्वानांना पेचात टाकले होते. केल्व्हिन व हेल्महोल्ट्झ ह्यांच्या मते तो आकुंचनाने तापतो. परंतु त्या हिशेबाने त्याचे आयुष्य काही कोटी वर्षेच भरे, आणि भूवैज्ञानिकांना तर पृथ्वीच त्याहून पुष्कळ वृद्ध दिसत होती. १९२० साली एडिंग्टन ह्यांनी सूर्यात हायड्रोजनचे हेलियम होत असावे, असे सुचविले. त्यावर आक्षेप आला : गाभा तेवढा तप्त नाही! आज आपण त्याचे तापमान सुमारे दीड कोटी अंश मानतो. तेथेही दोन प्रोटॉन एकमेकांना दूर लोटतात. ही विद्युत्‌भिंत ओलांडण्यास लागणारी ऊर्जा तेथील सरासरी ऊर्जेच्या शेकडो पट आहे.

वाट निघाली ती १९२८ साली. गॅमॉव्ह ह्यांनी आणि स्वतंत्रपणे गर्नी व कॉन्डन ह्यांनी दाखविले, की पुंजसिद्धान्तानुसार कण भिंत न चढताही क्वचित तिच्या आरपार जातो. १९२९ साली अ‍ॅटकिन्सन व हौटरमान्स ह्यांनी हाच विचार ताऱ्यांना लावला.

हे ‘क्वचित’ म्हणजे किती, ते सांगणाऱ्या संख्येस सोमरफेल्ड ह्यांचे नाव मिळाले आहे. दोन कणांचे विद्युत्‌भार वाढले की ती वाढते, त्यांचा परस्परसापेक्ष वेग वाढला की घटते. तिला एकक नाही; कोणत्याही मापाने मोजा, उत्तर तेच. मात्र ती थोडी वाढली, तरी आरपार जाण्याची शक्यता झपाट्याने कोसळते. दोन प्रोटॉनांची ऊर्जा १,३०० इलेक्ट्रॉन-व्होल्ट असता ही शक्यता २५ कोटींत एक इतकीही नसते. ६,००० असता ती सुमारे ८ हजारांत एक होते. ऊर्जा पाचपटीहूनही कमी वाढली, शक्यता मात्र तीस हजार पटींनी! पुढे एका प्रोटॉनचा न्यूट्रॉन व्हावा लागतो. ते तर याहूनही विरळ. म्हणूनच सूर्य एका क्षणात भडकून संपला नाही. सुमारे ४६० कोटी वर्षे तो तेवतो आहे.

सोमरफेल्ड ह्यांना नोबेल पारितोषिक कधीच लाभले नाही. त्यांचे शिष्य हान्स बेथे ह्यांनी १९३९ साली ताऱ्यांतील ऊर्जेचा उलगडा केला आणि १९६७ साली त्यांना तो सन्मान मिळाला. तोवर गुरूंना जाऊन सोळा वर्षे झाली होती. सूर्याच्या प्रत्येक हिशेबात मात्र गुरूंची ती संख्या आजही आपणांस मांडावीच लागते.