नव्वद मीटरांची कसोटी

अमरावतीहून वलगावमार्गे परतवाड्याकडे जाणारी सडक ज्या मेळघाटाच्या पायथ्याशी पोहोचते, तेथील कोरकूंच्या हातचे बांबूचे धनुष्य हे रानातील जवळच्या शिकारीचे साधन होते. इंग्रजी अंमलात जंगल राखीव ठरले, शिकारीस मनाई झाली, आणि त्या विद्येची रया गेली.

दूरच्या लक्ष्याचा वेध ही निराळीच साधना होय. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत दीर्घकाळ रूढ असलेल्या फेरीत पुरुषांना ९०, ७०, ५० व ३० मीटरांवरून मिळून १४४ बाण सोडावे लागत, आणि त्यांतील नव्वद मीटर हीच खरी कसोटी. कारण तेथे बाण कमान घेत उतरतो नि वाऱ्याची झुळूकही त्याला बाजूस सारते. प्रत्यंचा तीन बोटांच्या पेरांत धरून हनुवटीखाली दर वेळी त्याच बिंदूवर आणावयाची, ताणाचा भार दंडाऐवजी पाठीच्या स्नायूंवर घ्यावयाचा, आणि बोटे झटका न देता नुसती सैल सोडावयाची, यातच माझ्या मते सारे मर्म आहे.

वैद्य बंधूंच्या हनुमान आखाड्याने १९१४ पासून ज्या अमरावतीत व्यायामाची परंपरा रुजविली, त्याच शहरी धनुर्विद्या शिकलेल्या साताऱ्याच्या प्रवीण जाधवांनी २०२१ साली टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये ७० मीटरांवरून जागतिक क्रमवारीतील दुसऱ्या धनुर्धरास ६-० असे नमविले.