कवर्ध्याची वाट

भिलाईस बदलून आलेल्या मराठी मंडळींना कवर्धा परके वाटते. आम्हांस मात्र तेथे जुन्या हिशेबाची खूण दिसते. 1741 मध्ये भास्करपंतांची फौज छत्तीसगडात उतरली. पुढे कवर्ध्याची जमीनदारी रघूजी भोसल्यांनी लष्करी सेवेबद्दल दिली. 1787 मध्ये बिंबाजी वारले आणि नागपूरच्या सुभेदारांचा अंमल सुरू झाला. 1818 पर्यंत चाललेल्या त्या वसुलीचा भार रयतेने वाहिला, हे आपण विसरू नये.

नागपूरकडून येणाऱ्याने आगगाडीने दुर्गला उतरावे व बेमेतऱ्यावरून सडकेने कवर्धा गाठावे. तेथील राजवाडा धर्मराजसिंहांनी 1936 ते 1939 या काळात बांधला. 1948 मध्ये संस्थान विलीन झाले, 1971 मध्ये संस्थानिकांचे तनखे संपले आणि 1991 मध्ये राजवाड्याची दारे पाहुण्यांसाठी उघडली. एकेकाळी नागपूरला टाकोळी भरणाऱ्या घराण्याने पाहुण्यांच्या भाड्यावर आपली वास्तू राखली, यात आम्हांस कमीपणा दिसत नाही. उलट शहाणपण दिसते.

सुभेदार या मुलखातून पैसा घेऊन जात असे. मराठी पाहुणा तेथे चार पैसे ठेवून येतो. परतफेड अल्प खरी, पण योग्य दिशेची आहे.