मुरमावरची हॉकी आणि हिरवं प्लास्टिक

मराठवाड्यात हॉकी म्हटलं की नांदेड. लातूरकडे कुस्ती, बाकी सगळीकडे टेनिस बॉलचं क्रिकेट. माझी क्रीडाशिक्षकाची नोकरी लातूर जिल्ह्यात झाली, पण जीव नांदेडच्या मैदानात अडकलेला. गुरू गोविंदसिंघजींच्या जयंतीच्या सुमारास दुष्टदमन क्लबवाले गोल्ड कप, सिल्व्हर कपची अखिल भारतीय स्पर्धा भरवतात. थंडीच्या त्या दिवसांत खालसा हायस्कूलच्या मैदानाभोवती गाव लोटायचं. पंजाबकडचे, हैदराबादकडचे संघ येत, जेवण लंगरमध्ये. कडेला उभं राहिलं की पंजाबी, दखनी आणि मराठी अशा तिन्ही भाषांतल्या शिव्या एकाच वेळी ऐकू येत. नांदेड १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात होतं, त्यामुळे इथल्या हॉकीप्रेमींची नजर मुंबई-पुण्यापेक्षा हैदराबादकडेच जास्त.

मैदान कसं होतं, ते आजच्या पोरांना सांगावं लागतं. आपली काळी माती खेळाला नालायक. पावसात फुगते, उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, पाय मुरगळतो. म्हणून वर मुरूम टाकायचा, रोलर फिरवायचा, पाणी शिंपायचं, पुन्हा रोलर. सकाळी फक्कीने रेघा मारायच्या. एवढं करूनही दुपारपर्यंत वरचा थर सुटायचा आणि चेंडू कधी टप्पा खाईल याचा भरवसा नसायचा. त्यामुळे आमच्याकडच्या खेळाडूला चेंडू स्टिकला चिकटवून ठेवायची सवय. लांब पास द्यायची हिंमत कोण करणार? वाटेत एक खडा आला की पास गेला. ड्रिब्लिंगचं जे कौतुक आपण रक्तात असल्यासारखं सांगतो, त्यातलं निम्मं तरी या खडबडीत जमिनीचं देणं आहे, असं माझं मत.

१९७५च्या मार्चमध्ये क्वालालंपूरला अजितपालसिंगच्या संघाने पाकिस्तानला २-१ने हरवून विश्वचषक जिंकला. तो गवतावर. पुढच्याच वर्षी माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये हॉकी पहिल्यांदा कृत्रिम मैदानावर खेळली गेली आणि जगज्जेता भारत सातवा आला. हे प्लास्टिकचं गवत मुळात अमेरिकेत मोन्सँटो कंपनीने काढलेलं. १९६६मध्ये ह्यूस्टनच्या छताखालच्या बेसबॉल स्टेडियममध्ये ते अंथरलं, कारण तिथे खरं गवत जगेना. त्या स्टेडियमचं नाव अॅस्ट्रोडोम, म्हणून गवत अॅस्ट्रोटर्फ. बेसबॉलवाल्यांच्या अडचणीवरचा तोडगा हॉकीवाल्यांनी उचलला. १९८०ला मॉस्कोत सुवर्ण मिळालं, तेही कृत्रिम मैदानावरच. पण बहिष्कारामुळे बरेच मोठे संघ तिथे नव्हतेच. दोन वर्षांनी दिल्लीत आशियाई स्पर्धेसाठी नवं टर्फ घातलं आणि अंतिम सामन्यात पाकिस्तानने आपल्याला ७-१ने धुतलं.

हरल्याचं दुःख होतंच. नांदेडसारख्या गावांचं नुकसान मात्र वेगळं होतं. मुरमावर वाढलेला पोरगा निवड चाचणीला जायचा आणि सपाट टर्फवर चेंडू त्याच्या अंदाजाआधी पुढे निघून जायचा. त्याचा दोष काय? ते मैदान त्याने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलेलं असायचं.

बरं, टर्फ घालायचं म्हटलं तरी पैसा हा एकच अडसर नव्हता. मोठ्या सामन्यांचं हॉकी टर्फ पाण्यावर चालतं. चेंडू सरकावा आणि पडलेल्याची कातडी सोलली जाऊ नये म्हणून सामन्याआधी ते भिजवतात. एका वेळेला हजारो लिटर. १२ एप्रिल २०१६ला मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन रेल्वे लातूरला आली. त्या उन्हाळ्यात प्लास्टिकला पाणी पाजायचा प्रस्ताव घेऊन कुणी जिल्हाधिकारी कचेरीत गेला असता, तर शिपायानेच त्याला दारातून परत पाठवला असता.

खेळाची जमीनच बदलण्याचा हा प्रसंग लातूरच्या कुस्तीवरही आला होता, पण ती तगली. पैलवान हरिश्चंद्र बिराजदार आणि पुढे काका पवार, दोघेही लातूर जिल्ह्यातले, मातीकडून गादीकडे जाण्याच्या या काळाचे साक्षी. जग गादीवर गेलं तेव्हा गादी विकत आणून हॉलमध्ये टाकता आली. महाराष्ट्र केसरीत तर माती विभाग आणि गादी विभाग शेजारी शेजारी चालतात. जानेवारी २०२०मध्ये माती विभागातून लातूरचा शैलेश शेळके आला, गादीतून नाशिकचा हर्षवर्धन सदगीर. दोघेही काका पवारांचेच पठ्ठे. अंतिम कुस्ती गादीवर झाली आणि सदगीर ३-२ने जिंकला. हॉकीला असा मधला मार्ग सापडला नाही.

आणि आता गंमत बघा. जे टर्फ हॉकीसाठी मागून मिळेना, ते बॉक्स क्रिकेटच्या रूपाने प्लॉटा-प्लॉटांवर उगवलंय. काळी माती खोदून काढतात, मुरूम आणि खडी दाबतात, पाणी निघायला उतार देतात, वर गवताचे पट्टे जोडून त्यात वाळू आणि रबराचे दाणे भरतात, भोवती जाळी. कोकणात या गवताला शेवाळाची भीती, आपल्याकडे धूळ आणि ऊन. एप्रिलमध्ये दुपारी त्यावर तळवा टेकवून दाखवा! म्हणून धंदा सगळा रात्रीचा, दिव्यांखाली, तासाच्या भाड्यावर.

माझा एक जुना विद्यार्थी असं टर्फ चालवतो. तो म्हणाला, "सर, सकाळी मोकळंच असतं. तुमची हॉकीची पोरं आणा, भाडं नको." मी स्टिक आणि चेंडू घेऊन गेलो. हॉकीचं टर्फ आखूड आणि दाट पात्यांचं असतं. हे बोटाएवढं उंच, वर रबराचे दाणे. जोरात पुश केला तरी चेंडू चार पावलांवर रुतून थांबला. पोरगं ओशाळलं. मी म्हटलं, "असू दे रे, इथे धावायला तरी आणतो त्यांना." ती येतात, जाळीच्या आत पळून घाम काढतात, आणि स्टिकचा सराव मागच्या मोकळ्या प्लॉटवर, मुरमात करतात.