होमोसिस्टीन मापन (द्रव वर्णलेखन पद्धत)

होमोसिस्टीन हे गंधकयुक्त ॲमिनो आम्ल आहे. अन्नातून मिळणाऱ्या मेथिओनिनापासून ते शरीरात तयार होते. ब१२ व फोलेट या जीवनसत्त्वांमुळे त्याचे पुन्हा मेथिओनीन बनते, तर ब६ च्या साहाय्याने सिस्टीन. जीवनसत्त्वे कमी पडली की ते रक्तात साठते. म्हणून ब१२ किंवा फोलेटची उणीव ओळखण्यास हे मापन उपयोगी ठरते. प्रौढांत दर लिटरला सुमारे ५ ते १५ मायक्रोमोल हे प्रमाण सामान्य मानतात. अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञ व्हिन्सेंट द्यू व्हीन्यो यांनी १९३२ मध्ये त्याचा शोध जाहीर केला. गंधकयुक्त संयुगांवरील कार्यासाठी त्यांना १९५५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

पद्धत : रक्तद्रवातील बहुतेक होमोसिस्टीन डायसल्फाइड बंधाने प्रथिनांना जोडलेले असते, मुक्त थायॉल रूपात ते जेमतेम एक-दोन टक्केच असते. त्यामुळे आधी क्षपणकाने हे बंध तोडतात आणि आम्ल घालून प्रथिने खाली बसवतात. होमोसिस्टीन स्वतः चमकत नाही. त्याला चमक देण्यासाठी एसबीडी-एफ हे अभिकर्मक मिसळून नमुना ६०° से. ला तासभर ठेवतात. पुढे सी-१८ स्तंभातून जाताना सिस्टीन, होमोसिस्टीन व ग्लुटाथायोन वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात. ३८५ नॅनोमीटर प्रकाशाने उद्दीपित करून ५१५ नॅनोमीटरला त्यांची अनुदीप्ती मोजतात. प्रत्येक नमुन्यात ठरावीक मात्रेने घातलेल्या अंतर्गत प्रमाणकाशी तुलना करून प्रमाण काढतात. एसबीडी-एफवर आधारलेली अशी पद्धत अराकी व साको यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केली.

नमुन्याची काळजी : रक्त काढल्यावरही तांबड्या पेशी होमोसिस्टीन बाहेर सोडत राहतात. नळी खोलीच्या तापमानाला तशीच राहिली तर आकडा तासाला सुमारे दहा टक्क्यांनी फुगतो. म्हणून नळी लगेच बर्फात ठेवून तासाभरात रक्तद्रव वेगळा करावा लागतो.

महाराष्ट्रातील अनुभव : पुण्याच्या केईएम रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी खेड्यांतील, झोपडपट्टीतील आणि शहरी मध्यमवर्गातील ४४१ पुरुषांची तपासणी केली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ६७ टक्के पुरुषांत ब१२ कमी, तर ५८ टक्क्यांत होमोसिस्टीन वाढलेले आढळले. शहरी मध्यमवर्गात ब१२ ची उणीव ८१ टक्क्यांपर्यंत पोचली होती. शाकाहाराशी तिचा स्पष्ट संबंध दिसला.

मूत्रपिंडाच्या विकारातही होमोसिस्टीन वाढते. त्यामुळे या एका आकड्यावरून निदान करू नये. ब१२, फोलेट व क्रिएटिनिनच्या अहवालांसोबतच तो वाचावा.