बाई, प्रकाश वळवता येत नाही का?

गोष्ट १९७८ सालची. विज्ञानाचे सर रजेवर होते म्हणून सहावीच्या ऑफ तासाला मला पाठवलं. मी मराठी घेऊन बी.ए. झालेली. पुस्तकात होतं तेच फळ्यावर लिहिलं : ‘प्रकाश सरळ रेषेत जातो.’ मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. ‘बाई, त्याला वळवता येत नाही का?’ मी म्हटलं, ‘नाही. खाली बस.’ वर्ग हसला. त्या वर्षी त्याचा हात पुन्हा वर झालेला मला आठवत नाही.

परवा घरी इंटरनेट जोडायला आलेल्या पोराने केसासारखी बारीक तार दाखवली. ‘आजी, ही काच आहे. यातून उजेड येतो.’ तार तर चांगली वेटोळं घातलेली! मग मी वाचायला बसले.

जिनिव्हाच्या कोलाडॉनने १८४२ सालीच लिहून ठेवलं होतं, की टाकीच्या भोकातून पडणाऱ्या पाण्याच्या धारेत प्रकाश सोडला, तर तो धारेबरोबर वळतो. म्हणजे काय, तर तो जातो सरळच. पण धारेच्या कडेवर तिरपा आपटून पुन्हा आत परततो, आणि असं करत करत पुढे सरकतो. पुस्तक बरोबर होतं आणि तो मुलगाही!

पंजाबात मोग्याला जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी १९५४ साली लंडनमध्ये हॉपकिन्स यांच्याबरोबर काचतंतूंच्या जुडग्यातून चित्र पलीकडे नेऊन दाखवलं. पण अंतर थोडं. लांब जायचं तर काचच प्रकाश गिळून टाकायची. १९६६ मध्ये इंग्लंडात काम करणाऱ्या चार्ल्स काव यांनी हॉकहॅम यांच्यासह सांगितलं, की दोष काचेचा नाही, तिच्यातल्या अशुद्धीचा आहे. एक किलोमीटर गेल्यावर शंभरातला एक भाग प्रकाश उरला तरी टेलिफोन चालेल. १९७० साली अमेरिकेत कॉर्निंगच्या मॉरर, केक आणि शुल्ट्झ यांनी तशी काच बनवली.

तरी समुद्र ओलांडायचा होताच. १९८८ साली अटलांटिकच्या तळाशी पहिली काचतंतूची केबल पडली. एका वेळी सुमारे ४०,००० संभाषणं जायची. पण वाटेत ठरावीक अंतरावर थकलेल्या प्रकाशाची वीज करायची, ती नीटनेटकी करायची आणि पुन्हा प्रकाश करून पुढे धाडायचा. प्रत्येक ठाण्यावर पत्र उघडून, नवी नक्कल करून पुढच्या जासुदाच्या हाती द्यावी तसं.

हा खटाटोप ज्या युक्तीने संपवला, ती १९८७ सालीच साउदॅम्प्टन विद्यापीठात डेव्हिड पेन आणि सहकाऱ्यांनी शोधली होती. काचतंतूच्या एका तुकड्यात एर्बियम नावाचं मूलद्रव्य किंचित मिसळायचं आणि दुसऱ्या लेसरने त्याच्या अणूंना ऊर्जा पाजायची. मंद झालेला संदेश तिथून गेला, की ते अणू अगदी तसाच प्रकाश त्यात भर घालतात. पत्र उघडायचं कामच नाही! शिवाय वेगवेगळ्या तरंगलांबीचे अनेक संदेश एकाच तंतूतून जाताना एकदमच सशक्त होतात. १९९६ च्या अटलांटिक केबलीत हेच वापरलं.

काव यांना २००९ साली नोबेल मिळालं, तेव्हा स्मृतिभ्रंशाने त्यांना गाठलं होतं. त्यांचं व्याख्यान पत्नी ग्वेन यांनी दिलं. जगाचं बोलणं जोडून देणाऱ्या माणसाचं बोलणं दुसऱ्या कुणी पोचवायचं... वाचून बराच वेळ नुसती बसून राहिले.

काल नातवाला घेऊन मोरीत प्रयोग केला. प्लॅस्टिकच्या बाटलीला भोक पाडलं आणि समोरच्या बाजूने लाल लेसर धरला. धार वळली, लाल उजेडही वळला. नातू ओरडला, ‘आजी, वळला की!’

तो मुलगा आता साठीला टेकला असेल. भेटला तर सांगेन, ‘बाबा रे, वळवता येतो. मला माहीत नव्हतं, हे मी तेव्हाच म्हणायला हवं होतं.’