मारायचं की सांगायचं?

युनिक्समध्ये बिथरलेला प्रोग्राम बंद करायला ‘किल’ ही आज्ञा आहे. नाव भीषण, पण काम बऱ्यापैकी स्वच्छ. प्रोसेस मेली की तिची मेमरी, उघड्या राहिलेल्या फाइली हे सगळं कर्नल आवरून घेतो, कारण प्रत्येक प्रोसेसचं बिऱ्हाड वेगळं असतं.

थ्रेडचं तसं नाही. एका प्रोसेसमधले थ्रेड म्हणजे एकाच घरातली भावंडं. मेमरी सामाईक, कुलपंही सामाईक. एकाने कोठीघरात शिरून आतून कडी लावली आणि तो तिथेच नाहीसा झाला, तर बाकीचे दारात ताटकळत उभे. विंडोजमधल्या ‘टर्मिनेटथ्रेड’ने नेमकं हेच होतं. मेलेल्या थ्रेडच्या हाती मेमरी वाटपाचं कुलूप असेल तर ते कायमचं बंद राहतं. हे फंक्शन धोकादायक असल्याची सूचना मायक्रोसॉफ्टने स्वतःच देऊन ठेवली आहे.

जावाने 1996 मध्ये वेगळी वाट धरली. तिथे ‘स्टॉप’ म्हटलं की त्या थ्रेडमध्ये ‘थ्रेडडेथ’ नावाची चूक उसळे आणि ती वर येताना वाटेतली कुलपं सोडत येई. ऐकायला छान, पण समजा एक थ्रेड 500 रुपये एका खात्यातून दुसऱ्यात टाकतो आहे. पहिल्या खात्यातून रक्कम वजा झाली आणि तेवढ्यात ‘स्टॉप’ आलं. कुलूप उघडलं, पण दुसऱ्या खात्यात जमा काहीच नाही. पुढचा थ्रेड बेधडक आत शिरतो आणि तो अर्धवट हिशेब खरा मानून कामाला लागतो. विंडोजमध्ये निदान दार बंद राहून गडबड कळायची. इथे कळायचीही सोय नाही. 1998 च्या जावा 1.2 मध्ये ‘स्टॉप’ वापरू नये असा शेरा पडला. तरी ते पाव शतक भाषेत टिकून होतं. 2023 च्या जावा 20 मध्ये मात्र त्याने काम करायलाच नकार दिला.

1995 च्या पॉझिक्स थ्रेड मानकाने तोडगा काढला होता तो मधला. ‘पीथ्रेड कॅन्सल’ ही मुळात विनंती. थ्रेड वाचन किंवा झोप यांसारख्या ठरावीक टप्प्यांवर पोचला की मगच ती लागू होते आणि जाण्यापूर्वी आवराआवर करणारी फंक्शनंही नोंदवून ठेवता येतात. सी भाषेत हे निभलं, सी++ मध्ये घोळ झाला. लिनक्सच्या ग्लिबसी या सी लायब्ररीमध्ये रद्द होणारा थ्रेड सी++ च्या अपवादासारखाच स्टॅक उलगडत जातो. वाटेत कुणी ‘येईल तो अपवाद पकड’ असं लिहून तो गिळून टाकला, तर अख्खा प्रोग्रामच कोसळतो. अँड्रॉइडच्या सी लायब्ररीने ‘पीथ्रेड कॅन्सल’ची सोय ठेवलीच नाही.

सी++11 मध्ये थ्रेड मानकात आले, पण रद्द करण्याची सोय वगळून. ‘जॉइन’ न करता, म्हणजे थ्रेड संपण्याची वाट न पाहता, थ्रेडची वस्तू नष्ट झाली तर प्रोग्राम तिथल्या तिथे बंद! सी++20 च्या ‘जेथ्रेड’ने हा स्वभाव बदलला. तो नष्ट होताना आधी थांबण्याची विनंती करतो, मग थ्रेड संपेपर्यंत वाट पाहतो.

रस्टची गोष्ट जास्त नाट्यमय. मे 2015 मध्ये 1.0 आवृत्ती यायची होती. पालक थ्रेडचा डेटा उसना घेणारा ‘स्कोप्ड’ थ्रेड तयार होता आणि त्याचा सगळा भरवसा एका ‘गार्ड’ वस्तूवर आणि ती नष्ट होताना चालणाऱ्या डिस्ट्रक्टरवर होता: तो चालेल, पोरगा थ्रेड संपेपर्यंत थांबेल आणि मगच पालकाचा डेटा मोडीत निघेल. अवघे काही आठवडे उरले असताना लक्षात आलं, की संदर्भमोजणीच्या ‘आरसी’चं वर्तुळ करून तो गार्ड त्यात अडकवला तर डिस्ट्रक्टर कधी चालतच नाही. सुरक्षिततेची हमी देणाऱ्या भाषेत पोरगा थ्रेड मोडलेल्या मेमरीत हात घालू शकत होता. सोय काढून टाकली. क्लोजरच्या चौकटीत बसवलेलं तिचं नवं रूप मानक लायब्ररीत आलं ते ऑगस्ट 2022 मध्ये, 1.63 आवृत्तीबरोबर.

थ्रेडला बळजबरीने मारायचं फंक्शन मात्र रस्टच्या मानक लायब्ररीत नाही; तिथे त्याला सांगूनच थांबवावं लागतं. स्टीव्ह क्लॅबनिक आणि कॅरल निकोल्स यांच्या रस्टवरच्या पुस्तकात शेवटी एक छोटा वेब सर्व्हर बांधला आहे. जुन्या आवृत्तीत त्याच्या कामगार थ्रेडना ‘चॅनल’च्या सामाईक रांगेतून ‘संपव’ असा संदेश जाई. त्यात एक मेख होती. एक संदेश टाकून लगेच पहिल्या कामगाराची वाट पाहिली आणि तो संदेश दुसऱ्यानेच उचलला, तर सगळंच अडून बसणार. म्हणून आधी सगळ्यांचे संदेश टाकायचे, मग एकेकाला जॉइन करायचं. नंतरच्या आवृत्तीत हा संदेशच गेला: पाठवणारं टोक सोडून दिलं की चॅनल बंद होतो, रांगेतली उरलेली कामं संपतात आणि कामगार लूपबाहेर पडतात.

मात्र हे सगळं चालतं ते कामगार रांगेकडे बघत असेल तर. तो सॉकेटवर बाइटची वाट पाहत झोपला असेल, तर चॅनल बंद झाल्याचं त्याला कळणार कुठून? त्यासाठी युनिक्सवाले आजही एक जुनी क्लृप्ती वापरतात. ‘पोल’ला सॉकेटबरोबर एका पाइपवरही नजर ठेवायला सांगायचं आणि थांबवायची वेळ आली की त्या पाइपमध्ये एक बाइट लिहायचा. थ्रेड जागा होतो, कुठलं टोक हललं ते पाहतो, हातची कुलपं सोडतो आणि आपल्या पायांनी बाहेर पडतो.