लुसियो

लुसियो : (८ मे १९७८ – ). ब्राझीलचा फुटबॉलपटू. पूर्ण नाव लुसिमार दा सिल्वा फेरेइरा. राजधानी ब्राझिलियाच्या उत्तरेकडील प्लानाल्तिना या गावी जन्म. तो मध्य बचावपटू, म्हणजे मैदानावरच्या भाषेत स्टॉपर होता. २००२ चा विश्वचषक जिंकणाऱ्या ब्राझीलच्या संघात तो होता आणि २०१० च्या विश्वचषकात त्याने संघाचे नेतृत्व केले. राष्ट्रीय संघाकडून तो १०५ सामने खेळला. भारतातील, विशेषतः गोव्यातील प्रेक्षकांनी त्याला एफसी गोवाचा कर्णधार म्हणून प्रत्यक्ष पाहिले आहे.

ब्राझीलच्या बचावपटूंपैकी जगाने डोक्यावर घेतले ते बहुधा कडेने खेळणारे : जाल्मा सांतोस, निल्तोन सांतोस, काफू, रॉबेर्तो कार्लोस. मधल्या जागेवर उभ्या राहणाऱ्याच्या वाट्याला कौतुक कमी आणि गोल झाला की दोष अधिक. लुसियोने ही जागा वेगळ्या रीतीने खेळून दाखवली. सहा फुटांहून उंच, लांब ढांगांचा हा खेळाडू चेंडू हिरावून घेतला की तो जवळच्या सहकाऱ्याकडे सोपवून मोकळा होत नसे. स्वतःच घेऊन मैदानाच्या मध्यापर्यंत, कधी त्याही पुढे धावत सुटे. त्याला अडवायला प्रतिस्पर्धी मध्यरक्षकांपैकी कुणाला तरी आपला माणूस सोडून यावे लागे आणि तेवढ्यात ब्राझीलचा एक खेळाडू मोकळा होई. धोका उघड होता. वाटेत चेंडू गेला तर मागे भलेमोठे भगदाड पडलेले असे. हा धोका पत्करण्याची तयारी हाच त्याच्या खेळाचा गाभा होता. त्याला बेशिस्त ठरवणाऱ्या टीकाकारांनी या धावांमुळे संघाला किती वेळा वाट मिळाली याचा हिशेब कधी नीट मांडला नाही.

त्याच्या कारकिर्दीची सुरुवात एका दारुण पराभवाने झाली. १९९७ च्या ब्राझील चषकात (कोपा दो ब्राझील) तो ब्राझिलियातील ग्वारा या लहान क्लबकडून खेळत होता. पोर्तो अलेग्रीच्या इंटरनॅसिओनालने ग्वाराचा ७–० असा धुव्वा उडवला. पण सात गोल खाल्लेल्या त्या बचावफळीतला हा तरुण विजेत्यांच्या नजरेत भरला आणि त्यांनी त्याला करारबद्ध केले. २००० च्या सिडनी ऑलिंपिकसाठी त्याची निवड झाली. तिथे उपउपांत्य फेरीत नऊ खेळाडूंनिशी उरलेल्या कॅमेरूनने ब्राझीलला हरवले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याने वरिष्ठ संघात पदार्पण केले आणि लवकरच जर्मनीतील बायर लेव्हरकुसेनशी करार केला.

लेव्हरकुसेनचा २००१–०२ चा हंगाम फुटबॉलच्या इतिहासात हुलकावणीचा हंगाम म्हणून नोंदला गेला आहे. क्लाउस टोपम्योलर यांच्या प्रशिक्षणाखालील या संघात मिखाएल बालाक, बेर्न्ड श्नायडर, झे रॉबेर्तो असे खेळाडू होते. बुंडेसलिगा एका गुणाने हुकली, जर्मन चषकाच्या अंतिम सामन्यात शाल्केने हरवले आणि चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात रेआल माद्रिदने. युरोपातील या वाटचालीवर लुसियोचा ठसा मोठा होता. उपउपांत्य फेरीच्या परतीच्या लढतीत लिव्हरपूलविरुद्ध निर्णायक गोल त्याने ८४ व्या मिनिटाला केला. १५ मे २००२ रोजी ग्लासगोच्या हॅम्पडन पार्कवर राउलने आठव्या मिनिटाला रेआलला आघाडी मिळवून दिली, तेव्हा पाचच मिनिटांत हेडर मारून बरोबरी साधली तीही लुसियोनेच. पुढे मध्यंतराच्या तोंडावर झिनेदिन झिदानने डाव्या पायाने हवेतल्या हवेत मारलेला गोल अजरामर झाला आणि लुसियोचा गोल त्याच्या आड गेला.

सहा आठवड्यांनी तो विश्वविजेता होता. कोरिया-जपानमधील त्या स्पर्धेत लुईस फेलिपे स्कोलारी यांनी तीन मध्य बचावपटू खेळवले : लुसियो, एडमिल्सन आणि रॉकी ज्युनियर. काफू आणि रॉबेर्तो कार्लोस यांना कडेने मुक्तपणे चढाया करता याव्यात म्हणून ही रचना होती. लुसियो सातही सामन्यांत प्रत्येक मिनिट मैदानावर होता. २१ जूनला शिझुओका येथे इंग्लंडविरुद्धच्या उपउपांत्य सामन्यात मात्र २३ व्या मिनिटाला त्याला एक साधा चेंडू ताब्यात घेता आला नाही; मागे टपून बसलेल्या मायकेल ओवेनने तो उचलला आणि गोल केला. २४ वर्षांच्या बचावपटूची कारकीर्द अशा एका क्षणी संपू शकते. रिवाल्दोने मध्यंतरापूर्वी बरोबरी साधली, रोनाल्डिन्होने फ्री किकवर दुसरा गोल केला, पण लगेच त्याला लाल कार्ड मिळाले आणि ब्राझीलला अर्ध्या तासाहून अधिक काळ दहा जणांनिशी आघाडी राखावी लागली. त्या अर्ध्या तासात इंग्लंडला गोल करू न देणाऱ्या बचावात लुसियो ठाम उभा होता. त्याचे मोठेपण तोलायचे असेल तर २३ व्या मिनिटाइतकाच हा काळही पाहिला पाहिजे. योकोहामातील अंतिम सामन्यात ब्राझीलने जर्मनीला २–० असे हरवले. जर्मनीकडून श्नायडर, रामेलो आणि नॉयव्हिल हे त्याचे लेव्हरकुसेनमधील सहकारी खेळत होते.

२००४ मध्ये तो बायर्न म्युनिकमध्ये गेला. पाच हंगामांत तीन बुंडेसलिगा (२००५, २००६, २००८) आणि त्याच तीन वर्षांचे जर्मन चषक त्याच्या नावावर जमा झाले.

२००६ च्या विश्वचषकात त्याने केलेला विक्रम कारकिर्दीतील इतर यशांच्या मानाने कमी ठाऊक आहे. सलग ३८६ मिनिटे त्याच्याकडून एकही फाउल झाला नाही. पहिले चार सामने पूर्ण झाले, पाचवा सुरू झाला, तरी नाही. फ्रान्सविरुद्धच्या उपउपांत्य लढतीत हा सिलसिला तुटला आणि तो सामना ब्राझीलने ०–१ असा गमावला. मध्य बचावपटूच्या बाबतीत ही गोष्ट जवळजवळ अशक्य वाटावी अशी आहे. आघाडीपटू पाठ देऊन चेंडू घेतो, वळतो, पेनल्टी क्षेत्राच्या उंबरठ्यावर हूल देतो. त्याला रोखताना धक्का, पाय किंवा हात लागतोच. लुसियो चेंडू येण्याची दिशा आधी हेरून आघाडीपटूच्या पुढे शिरे आणि घसरून पाय घालण्याऐवजी शक्यतो उभ्यानेच चेंडू काढून घेई. बलदंड शरीराचा हा खेळाडू अनेकांना दांडगाईचा वाटला. हा आकडा त्या समजाला दिलेले सर्वांत नेमके उत्तर आहे.

काफूनंतर प्रशिक्षक डुंगा यांनी कर्णधारपद लुसियोकडे दिले. २८ जून २००९ रोजी जोहान्सबर्गमध्ये कॉन्फेडरेशन्स चषकाच्या अंतिम सामन्यात अमेरिका मध्यंतराला २–० अशी पुढे होती. लुईस फाबियानोच्या दोन गोलांनी बरोबरी झाली आणि ८४ व्या मिनिटाला एलानोच्या कॉर्नरवर लुसियोने हेडरने विजयी गोल केला. गोलानंतर या धिप्पाड कर्णधाराच्या डोळ्यांतून अश्रू वाहत होते. पुढच्या वर्षीच्या विश्वचषकात मात्र नेदरलँड्सने पोर्ट एलिझाबेथ येथे उपउपांत्य फेरीत ब्राझीलला २–१ असे बाहेर काढले. त्या पराभवाचा शिल्पकार वेस्ली स्नायडर हा क्लबमध्ये लुसियोचाच सहकारी होता.

तो क्लब म्हणजे इंटर मिलान. २००९ च्या उन्हाळ्यात लुई व्हान खाल बायर्नचे प्रशिक्षक झाले आणि लुसियो म्युनिक सोडून जोसे मोरिन्यो यांच्या इंटरमध्ये दाखल झाला. वॉल्टर सॅम्युएलबरोबर त्याची जोडी जमली. उजवीकडे मायकॉन, गोलमध्ये ज्युलिओ सेझार असे दोन देशबांधव होते. चेल्सी आणि बार्सिलोना यांना रोखत इंटरने अंतिम फेरी गाठली आणि २२ मे २०१० रोजी माद्रिदमध्ये व्हान खाल यांच्याच बायर्नला २–० असे हरवले. इटालियन लीग, इटालियन चषक आणि चॅम्पियन्स लीग ही तिन्ही विजेतेपदे एका हंगामात मिळवणारा इंटर हा पहिला इटालियन क्लब ठरला. ग्लासगोत हुकलेला करंडक लुसियोला आठ वर्षांनी मिळाला, आणि माझ्या मते त्याचा सर्वोत्तम हंगाम हाच. मोरिन्यो यांनी त्याच्या धावांना आवर घातला, तरी त्या पुरत्या थांबवल्या नाहीत.

२०१२ मध्ये तो युव्हेंटसमध्ये गेला. तिथे मोजके सामने खेळून काही महिन्यांतच करार संपुष्टात आला. त्यानंतर साओ पावलो आणि २०१४ मध्ये पाल्मेरास. दोन्हीकडे उतरणीचाच काळ.

२०१५ मध्ये एफसी गोवाचे प्रशिक्षक झिको यांनी त्याला इंडियन सुपर लीगमध्ये आणले. फुटबॉल घरोघरी चालणाऱ्या गोव्यात ब्राझीलच्या विश्वविजेत्याचे आगमन ही मोठी घटना होती. वयाच्या ३७ व्या वर्षी पूर्वीचा वेग नव्हता, पण चेंडूची वाट ओळखण्याची नजर तीच होती. साखळी फेरीत गोवा अव्वल राहिला. उपांत्य फेरीत दिल्ली डायनामोजचा पाडाव झाला. दिल्लीचा प्रशिक्षक होता २००२ च्या संघातील रॉबेर्तो कार्लोस. २० डिसेंबरला मडगावजवळच्या फातोर्डा मैदानावरील अंतिम सामन्यात समोर चेन्नईयन संघ होता. त्याचा प्रशिक्षक मार्को माटेराझी हा इंटरमधला जुना सहकारी, आणि संघात जोहान्सबर्गचा तो कॉर्नर घेणारा एलानो. ८७ व्या मिनिटाला जोफ्रेच्या फ्री किकवर गोवा २–१ असा पुढे गेला. त्यानंतर गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमणीच्या स्वयंगोलाने बरोबरी झाली आणि भरपाई वेळेत जॉन मेंडोझाने चेन्नईला ३–२ असे जिंकून दिले. गोव्यातील फुटबॉलप्रेमींना ती शेवटची मिनिटे आजही सलतात. २०१६ च्या हंगामातही लुसियो गोव्याकडून खेळला, पण संघ गुणतक्त्यात तळाला राहिला.

पुढे तो ब्राझिलिया परिसरातील गामा आणि ब्राझिलियेन्से या क्लबांकडून खेळला. जानेवारी २०२० मध्ये, वयाच्या ४१ व्या वर्षी, त्याने निवृत्ती जाहीर केली.